रेघ ओढायला निघालेल्या पोरापोरींना



आमच्या अभ्यासिकेतून यंदा दोघं आर्किटेक्चरला लागले. एक पोरगी, एक पोरगा. पेढे वाटून झाले, फोटो झाले, आणि तिथंच आपल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं तोंड वाकडं केलं. म्हणाला, हे बंगलेवाल्यांचं शिक्षण. आपल्याला वकील पाहिजे, प्रोफेसर पाहिजे, एमपीएससीवाला पाहिजे. बिल्डरच्या दारात नकाशे काढत बसणारा चळवळीच्या काय कामाचा?

तिकडं कॉलेजातल्या सीनियरांनी त्यांना आपले सल्ले दिलेच. पेनं चांगली घ्या. लॅपटॉप भारी घ्या. झोप विसरा. कॉर्बुझिए वाचा. ज्यूरीत रडू नका.

दोन्ही बाजू मला मान्य नाहीत. म्हणून हे चार कागद काळे करतोय. मी सूतगिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. बारावीनंतर कॉलेज पाहिलं नाही. गिरणीत ले-ऑफ होता तेव्हा स्लॅबवर घमेली वाहिली, सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या, आणि उरल्या वेळात लायब्ररीत जे सापडेल ते वाचलं. एवढ्या हक्कावर बोलतो.

आधी त्या जुन्या कार्यकर्त्याचं बघू. जात पोथीत आहे, जात डोक्यात आहे, हे आपण प्रत्येक सभेत बोलतो. ती जमिनीवर आखलेली आहे हे आपण बोलत नाही. कौटिल्याचं अर्थशास्त्र काढा, दुसरं अधिकरण. नगर कसं वसवायचं ते तिथं सांगितलंय. उत्तरेला ब्राह्मण, पूर्वेला क्षत्रिय, दक्षिणेला वैश्य, पश्चिमेला शूद्र. वेद न मानणारे पाखंडी आणि चांडाळ, यांनी स्मशानाच्या कडेला राहायचं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचं घर गावाबाहेर. याला तुमच्या कॉलेजात साइट प्लॅन म्हणतात. कुणाला वारा कुठला मिळणार, पाणी कुठलं मिळणार, गावातून वाहून आलेली घाण कुणाच्या दारात साचणार, हे सगळं आधी ठरवून, आखून दिलेलं. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ लिहिलं तेव्हा अस्पृश्य गावाबाहेरच का राहतात या प्रश्नाला अख्खं प्रकरण दिलं. तो प्रश्न वकिलाचा आहे, इतिहासवाल्याचा आहे, आणि तितकाच नकाशा काढणाऱ्याचाही आहे. आपल्यातला नकाशा काढणारा आजवर कुठं होता?

बांधणारा मात्र कायम आपल्यातलाच. चोखोबा कसे गेले ते आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत ढासळली, खाली मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा. हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं म्हणून नामदेवांनी त्यांची हाडं ओळखली, असं सांगतात. कीर्तनकार त्या हाडांवर तासभर रंगवतो. भिंत कुणी बांधायला लावली, ती कोसळली का, यावर एक अक्षर बोलत नाही. ज्या कुसाच्या बाहेर राहायचं तेच कूस उचलून उभं करताना माणूस मेला. साइटवरचा अपघात म्हणतात तो हाच. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा. आजही स्लॅब पडला की पेपरात ‘चार मजूर ठार’ एवढंच येतं, आणि आडनावं काढून बघा, कुणाची निघतात ते.

तेव्हा जुन्या कार्यकर्त्याला माझं सांगणं एवढंच, की या पोरांना अडवू नका. त्यांना खर्चाला पैसे द्या.

आता तुम्ही पोरं.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाला तुम्हाला एखाद्या गावी नेतील. स्टडी टूर. परंपरेनं चालत आलेली घरं बघायची, मोजायची, शीटवर उतरवायची. कोकणात न्या नाहीतर देशावर न्या, मास्तर तुम्हाला वाड्यासमोर उभं करणार. पाटलाचा वाडा, देशमुखाचा वाडा, नाहीतर ब्राह्मण आळीतलं घर. चौक किती सुंदर, लाकडी खांबाची नक्षी किती सुंदर, उन्हाळ्यात आत गारवा कसा राहतो. खोटं नाही ते. गारवा राहतोच. पण त्या गावचा नकाशा शीटवर येतो तेव्हा बघा, देऊळ येतं, पार येतो, चावडी येते, विहीर येते, आणि मग रस्ता शीटच्या कडेला जाऊन तुटतो. त्या तुटलेल्या रस्त्याच्या पुढं आपली वस्ती असते. कागद तिथंच संपलेला असतो! कुणी मुद्दाम कापत नाही. मास्तरला ती दिसतच नाही, आणि हे जास्त वाईट.

तुम्ही कागद मोठा घ्या. वस्ती मोजा. विहिरीपासून वस्तीचं अंतर पावलांनी मोजून शीटवर आकडा लिहा. चौकात कुणाला कुठपर्यंत येऊ देत होते ते गावातल्या म्हाताऱ्याला विचारा आणि वाड्याच्या प्लॅनवर तिथं रेघ मारा. पायरीपर्यंत, ओसरीपर्यंत, की दाराबाहेरूनच हाक मारायची. प्लॅनमध्ये ही रेघ दाखवल्याशिवाय वाड्याचं ड्रॉइंग पुरं होत नाही, असं ज्यूरीत छातीठोक म्हणा. मार्क कापले तर कापू देत. खेड्याचं गुणगान चाललं असताना ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब खेड्याबद्दल काय बोलले ते काढून वाचा, आणि मगच गाडीत बसा.

मग येतो संडास. हसू नका. आर्किटेक्चरमध्ये जात बघायची असेल तर दिवाणखान्यात शोधू नका, घराच्या मागच्या बाजूला जा. मुंबईच्या जुन्या इमारतींमधून अरुंद बोळ जातात, हाऊस गल्ली म्हणतात त्याला. टोपलीचे संडास होते तेव्हा मैला उचलणारा तिथून यायचा. पुढच्या दारानं त्याला बंदी. कितीतरी जुन्या बंगल्यांना, फ्लॅटांना मागून लोखंडी गोल जिना दिसेल. आता त्याचे फोटो काढतात, काय छान जिना म्हणून. तो मेहतराचा जिना होता. १८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात हलालखोर कर नावाचा करच होता. म्हणजे बघा, माणसाच्या डोक्यावर मैला देण्याची सोय कायद्यात होती, पालिकेच्या हिशेबात होती, आणि आर्किटेक्टच्या प्लॅनमध्येही होती. तिघांनी मिळून केलेलं काम.

कोरडे संडास बांधायला आणि माणसाकडून मैला उचलून घ्यायला १९९३ साली कायद्यानं बंदी आली. २०१३ ला दुसरा कायदा आला. पण सेप्टिक टँकमध्ये, गटारात माणसं अजून मरतात. तुम्हाला तिसऱ्या वर्षाच्या आसपास सर्व्हिसेसचं ड्रॉइंग असतं, त्यात सेप्टिक टँक काढायला लावतात. लांबी, रुंदी, खोली, पाइप, झाकण. झाकण केवढं? एक माणूस उतरेल एवढं. आता विचारा मास्तरांना, कोण माणूस? यंत्राची गाडी तिथपर्यंत येईल एवढा रस्ता या प्लॅनमध्ये आहे का? पाइप बाहेरून टाकून गाळ ओढता येईल अशा जागी टाकी आहे का, की ती इमारतीच्या पोटात, पार्किंगच्या खाली दडवलीय, जिथं कुणाला तरी उतरावंच लागेल? टाकी चार फूट इकडं की तिकडं, एवढ्यावर एका माणसाचा जीव आहे. हे कॉर्बुझिएच्या पुस्तकात नाही.

आणि टॉवरांचे प्लॅन बघाल तेव्हा स्वयंपाकघराच्या मागं एक खोली दिसेल, खिडकी नावाला, शेजारी एवढासा संडास. त्यावर ‘सर्व्हंट’ लिहिलेलं असतं. लिफ्टही वेगळी. हा आजचा मेहतराचा जिना, फक्त आता स्टीलचा दरवाजा लावलाय. ऑफिसात लागलात की असले प्लॅन तुमच्याच हातानं काढायला लावतील. नोकरी सोडा असं मी म्हणत नाही, घरी चूल आहे. पण त्या खोलीला खिडकी मोठी द्या. भांडून द्या.

कॉर्बुझिएचं नाव दोनदा आलं म्हणून सांगतो. चंडीगड शिका. तिथं सरकारी घरांचे प्रकार नोकरीच्या दर्जाप्रमाणे पाडले होते, मंत्र्याचं वेगळं, कारकुनाचं वेगळं, शिपायाचं वेगळं. नव्या भारताचं नवं शहर, आणि उतरंड जुनीच. पण खरं ते खरं, तिथल्या शिपायाच्या घरालाही स्वतःचा संडास-न्हाणी दिली होती, आणि त्या काळाच्या मानानं हे थोडं नव्हतं. ते घडवणाऱ्यांत जेन ड्र्यू नावाची बाई होती. तिचं नाव मास्तर घाईत उरकतील, तुम्ही तिथं थांबा. तसंच इंदूरचं अरण्य. बाळकृष्ण दोशींनी १९८० च्या दशकात केलं. गरिबाला तयार खुराडं न देता प्लॉट, जोतं आणि संडास-पाण्याची सोय दिली, पुढं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे खोल्या वाढवल्या. आपली वस्ती घर असंच बांधते. एक खोली, मग पोरीच्या लग्नाआधी दुसरी, मग वरचा पत्रा. दोशींनी ते बघितलं, बाकीच्यांनी नुसती झोपडपट्टी बघितली.

कॉलेजातले दिवस कसे काढायचे ते लांबवत नाही. मिनीड्राफ्टर, बोर्ड, स्केल सगळं पास झालेल्या पोरांकडून जुनं मिळतं. मॉडेलवर हजारो रुपये घालू नका. पुठ्ठ्याचं मॉडेल भारी मॉडेलएवढंच बोलतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा, स्वाधारचा अर्ज पोर्टल उघडल्या दिवशी भरा, पावती छापून जपा, आणि पैसे उशिरा येणार हे धरूनच चाला. फी नाही म्हणून शीट घेत नाही असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा आणि आम्हाला कळवा, एकट्यानं सोसू नका. जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला, मे २०१९ ला मुंबईत पायल तडवी गेली. एकटं पाडूनच मारतात. रात्र-रात्र जागणं ही तिथं मोठी मर्दुमकी समजतात. मी तिसरी पाळी करतो, जागरणात काही थोर नाही. पहाटे डोळा लागला की हात साच्यात जातो, तुमचा कटरखाली जाईल. झोपा.

इंग्रजीची भीती घालतील. ज्यूरीत चार माणसं बसतात आणि तुमच्या शीटकडं न बघता तुमच्या उच्चारांकडं बघतात. इंग्रजी शिका, सोडू नका, बाबासाहेब त्याच भाषेत जगाशी भांडले. पण तोवर मराठीत बोला, आणि ड्रॉइंग असं काढा की ज्यूरीला पुढं वाकून बघावं लागेल. मोजमाप अचूक असलं की उच्चार कुणी काढत नाही. काढलाच, तर आकडा विचारा.

कुठून आलास विचारलं की ‘मुंबई’ म्हणून गप्प बसणारी आपली पोरं मी बघितलीत. चाळ सांगायची लाज. अरे, वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, २०७ इमारती, तळमजला अधिक तीन, एका इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फूट, संडास मजल्यावर सामाईक. कागदावर वाचलं तर तुरुंग वाटतो. त्या १६० फुटांत दहा-दहा माणसं जगली, शिकली, पँथर झाली. जानेवारी १९७४ ला वरळीत याच चाळींत दंगल पेटली, आणि १० जानेवारीच्या मोर्च्यावर वरून आलेल्या दगडानं भागवत जाधव शहीद झाले. आता सेमिनारांत चाळीच्या गॅलरीवर ‘सामुदायिक जीवन’ म्हणून पेपर वाचतात. गॅलरीत पापड वाळले, पोरं खेळली, सगळं खरं. गॅलरीतून दगडही आले. दोन्ही लिहा. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आपल्या आयुष्याची वीसेक वर्षं काढली, आणि मग दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकं मावावीत म्हणून. घराचा प्लॅन पुस्तकांच्या हिशेबानं. तुमच्या कुठल्या मास्तराकडं याच्याहून चांगलं उदाहरण आहे?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. डिझाइनवर जीव टाकाल, टाका. पण नियमांचं पुस्तक वाचा. तिथं झोप येते, म्हणूनच तिथं चोरी होते. माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातला तो एक. संप कधी मिटलाच नाही. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत नियम आला, क्रमांक ५८. गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला सरकारनं त्यात बदल केला. काय बदललं? वाटे करायचे ते पूर्ण जमिनीचे नाहीत, फक्त जिथं बांधकाम नाही त्या रिकाम्या जमिनीचे. गिरणी म्हटली की सगळी शेडच! रिकामी जमीन असते किती? बागेचा वाटा, घरांचा वाटा आटून गेला. कोर्टात लढाई झाली आणि २००६ ला सुप्रीम कोर्टात सरकारचा बदल टिकला. लाठी नाही, गोळी नाही, एका वाक्यातले दोन शब्द. तो मसुदा वाचून त्याच दिवशी रस्त्यावर ओरडणारा आर्किटेक्ट आपल्या गल्लीतला असता तर? चार्ल्स कोरियांच्या समितीनं १९९६ ला गिरण्यांच्या जमिनीचा आराखडा दिला होता, तो सरकारी फडताळात पडला. चांगला आराखडा एकटा काही करत नाही. त्याच्या मागं माणसं लागतात.

गोवंडी-मानखुर्दला जा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. प्रकल्पात उठवलेल्या माणसांच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटवल्यात की खालच्या मजल्यावर दुपारी दिवा लागतो. तिथं क्षय का पसरतो याचा डॉक्टरांनी अभ्यास केला आणि उजेड-वाऱ्याचा अभाव दाखवला. दोन इमारतींत अंतर किती सोडायचं याचे नियम सगळ्यांना असतात. गरिबांच्या इमारतींसाठी ते सैल केले. आणि त्या नकाशांवर कुठल्यातरी आर्किटेक्टची सही आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानं नोंदणीशिवाय कुणाला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. पाच वर्षं शिकून जो नंबर मिळतो तो अशा सहीसाठीच बिल्डरला पाहिजे असतो. ही सही विकत मागायला माणूस येईल. आपल्याच जातीचा असेल, जय भीम म्हणत येईल.

म्हणून थोडं आपल्या लोकांबद्दलही. ६ डिसेंबर २०११ ला आपली माणसं इंदू मिलमध्ये घुसली, जमीन मिळवली. बारा एकरांच्या आसपास, समुद्राला लागून. २०१५ ला पायाभरणी झाली. मग पुतळ्याच्या उंचीवर चर्चा, २५० फूट की ३५०. २०२० ला ३५० ठरली, चबुतरा वेगळा. उंचीवर सगळे पक्ष एकमतानं बोलले. त्या जमिनीवर ग्रंथालय केवढं, अभ्यासाला जागा किती पोरांना, ६ डिसेंबरला लाखो माणसं दादरला उतरतात त्यांतल्या बायांना रात्री टेकायला, आंघोळीला जागा किती, यावर कुणी मोर्चा काढला? नागपूरला दीक्षाभूमीचा स्तूप शिवदानमल यांनी बांधला, आतून पोकळ, एकाच घुमटाखाली हजारो माणसं बसतील असा. २००१ ला खुला झाला. तिथंच जमिनीखाली पार्किंग खोदायला लागले, आणि १ जुलै २०२४ ला लोकांनी जाऊन ते काम बंद पाडलं. आराखडा कागदावर असताना कुणी त्या लोकांना विचारलं नव्हतं. आपल्या माणसांना आराखडा कळतो तो जेसीबी दारात आल्यावर. कागदावर असताना कळवायला आपल्यातलं कुणीतरी पाहिजे, ते तुम्ही.

साइटवर जाल तेव्हा हेल्मेट घालून लांब उभं राहू नका. गवंड्याशी बोला. ओळंबा कसा सोडतो, पाण्याच्या नळीनं लेव्हल कशी काढतो, गुण्या कसा लावतो ते हातानं करून बघा. घमेलं एकदा उचलून बघा, जिन्याची पायरी दोन इंच उंच काढली की बाईच्या कमरेला काय होतं ते कळेल. कार्ल्याच्या चैत्याला गेलात तर दाराजवळचा लेख शोधा. ते दार करणाऱ्या सुताराचं नाव त्यावर कोरलंय, धेनुकाकटचा सामी. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या घरात सुताराचं नाव लागलं. तुमच्या पहिल्या इमारतीच्या कोनशिलेवर मंत्र्याचं लागेल. खाली गवंड्याचं लावा.

आता आमचं काम. आमच्या गावचा नवा विकास आराखडा येणार आहे. फुटलेल्या नकाशाचा फोटो हातात आलाय, त्यात आमच्या वस्तीवर हिरवा रंग आहे. बगीचा. दीडशेवर घरं, एक विहार, एक अभ्यासिका, कागदावर रिकामी जागा. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा जाहीर झाला की हरकती मागवतात, मुदत मोजून असते. नुसत्या अर्जांची थप्पी साहेब टोपलीत टाकतो. आम्हाला घरागणिक मोजलेला नकाशा जोडायचाय, गल्ली, नळ, संडास, विजेचा खांब, घर कधी बांधलं ते, जुन्या घरपट्टीच्या पावत्यांसकट. तुम्हाला पहिल्या वर्षात सर्व्हे शिकवतातच. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनीही या, चार-पाच वर्गमित्र आणलेत तर आणा, जात विचारणार नाही, जेवण वस्तीत. लांब टेप अभ्यासिकेनं घेतलाय, शंभर फुटी. माझी सुट्टी गुरुवारी असते, बाकीच्या दिवशी चारनंतर सुटतो. टेपचं दुसरं टोक मी धरतो.